मशीन बोलायला लागलं, पण आपले कागद?

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयातला एक जुना डेस्कटॉप मी पुन्हा उभा केला. भंगारवाला येऊन भाव करूनही गेला होता. पण वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला एक मुलगा येतो, त्याला जन्मापासून दिसत नाही. मोबाइलवर तो सगळं ऐकून करतो, पण मोबाइलवर पाच पानांचं उत्तर लिहिणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. त्याने विचारलं, "काका, ते मशीन मला मिळेल का?"

म्हटलं, "देतो लावून."

"लावून देऊ नका. लावताना मला बसवा. तुम्ही लावून दिलंत आणि चार दिवसांनी बिघडलं, तर मी परत तुमच्याच दारात."

मुद्दा बरोबर होता. मग आम्ही एक केलं. मॉनिटर जोडलाच नाही. फक्त कीबोर्ड, जुने स्पीकर आणि पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर डेबियन. ही लिनक्सची एक मुक्तस्रोत प्रणाली. मुक्तस्रोत म्हणजे जिचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, पुढे वाटता येतो. मशीन चालू केल्यावर थोड्या वेळाने एक 'बीप' वाजतो. त्याचा अर्थ, मेनू समोर आला आहे. तिथे 'एस' दाबून एंटर मारायचं. त्याने मारलं आणि स्पीकरमधून यांत्रिक आवाज सुरू झाला. भाषा कोणती, देश कोणता, कीबोर्ड कोणता. प्रत्येक पर्यायाला आकडा, आकडा दाबायचा, पुढे जायचं. दीड तासात संगणक तयार झाला. त्या दीड तासात खोलीत आंधळा मी होतो आणि तो मला सांगत होता, "आता डिस्कचं विचारतोय काका, थांबा जरा."

तो 'एस' तिथे आपोआप आलेला नाही. त्यामागे चाळीस वर्षांची गोष्ट आहे आणि तिचा एक धागा आपल्या पुण्यातून जातो. ती सांगावी म्हणून ही पोस्ट. शेवटी एक कबुलीही आहे, माझीच. लांब आहे, सवडीने वाचा.

ऐंशीच्या दशकात पडद्यावर फक्त अक्षरं असत, साधारण २५ ओळी आणि ओळीत ८० खुणा. चित्र नाही, माउस नाही. गंमत म्हणजे अंध माणसासाठी तो काळ सोयीचा होता. पडद्यावर जे आहे ते सगळं अक्षरच आहे, मग ते उचलून आवाज काढणाऱ्या डब्याकडे पाठवलं की झालं. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी जेसी राइट या आपल्या अंध गणितज्ञ सहकाऱ्यासोबत असाच प्रोग्राम बनवला. १९८६ मध्ये तो बाहेर आला. नाव ठेवलं 'स्क्रीन रीडर'. आज अशा प्रत्येक प्रोग्रामला आपण स्क्रीन रीडर म्हणतो, ते मुळात त्या एका प्रोग्रामचं नाव.

मग खिडक्या, चित्रं आणि माउस आले. डोळस लोकांना संगणक सोपा झाला, अंधांना एका रात्रीत बंद झाला म्हणा ना. पडद्यावर आता अक्षरं नव्हती, ठिपके होते. 'सेव्ह' लिहिलेलं बटण मशीनच्या लेखी रंगीत ठिपक्यांचा चौकोन. त्याला बटण म्हणून ओळखायचं कसं, यावर कित्येक वर्षं गेली. याच काळात टेड हेंटर हे नाव पुढे आलं. हेंटर मोटरसायकलच्या शर्यती खेळायचे, १९७८ च्या अपघातात दृष्टी गेली. त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये 'जॉज' हा स्क्रीन रीडर आणला, १९९५ मध्ये तो विंडोजवर आला. उत्तम प्रोग्राम. पण परवाना सुमारे हजार डॉलरचा. अमेरिकेत तो सरकार किंवा मालक घेऊन देई. आपल्याकडे संगणकापेक्षा त्याला बोलका करणंच महाग. मग काय, बहुतेक ठिकाणी चोरीची प्रत. हे कुणी उघड बोलत नाही, पण आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी संगणक शिकला तो अशा प्रतींवर. त्यांच्याकडे दुसरा रस्ता होता कुठे?

आता पुण्याचा धागा.

टी. व्ही. रमण यांचा जन्म १९६५ चा, पुण्यातला. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली. पुढे नौरोसजी वाडिया कॉलेजात गणित, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ. तिथे त्यांनी पीएच.डी.साठी विषय घेतला तो स्वतःच्याच अडचणीचा. गणिताची समीकरणं कानाने वाचायची कशी? कागदावर घातांक वर लिहिलेला दिसतो, अपूर्णांकाची रेघ दिसते. ऐकताना हे सगळं एका सुरात सपाट होतं. रमण यांनी असा प्रोग्राम केला की घातांक आला की आवाजाची पट्टी बदलते, कंस उघडला की बदल कानाला कळतो. त्या प्रबंधाला संगणकशास्त्रातला एसीएमचा प्रबंध पुरस्कार मिळाला.

१९९५ मध्ये त्यांनी 'ईमॅकस्पीक' हा मुक्तस्रोत प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला. त्यातला विचार आजही मला मोठा वाटतो. पडदा डोळस माणसासाठी मांडलेला असतो. तो जसाच्या तसा वाचून दाखवणं म्हणजे अंध माणसाला दुसऱ्याची उष्टी पत्रावळ देणं. उदाहरण कॅलेंडरचं घ्या. साधा स्क्रीन रीडर आकड्यांची ओळ वाचत सुटतो, "एक दोन तीन चार". त्यातला सोमवार कुठला ते तुम्ही मोजत बसा. ईमॅकस्पीक थेट सांगतं की आज अमुक वार, अमुक तारीख, अमुक महिना. कारण ते पडद्याला विचारत नाही, प्रोग्रामला विचारतं की तुला म्हणायचंय काय.

आणि हे करता आलं कशामुळे? ईमॅक्स हा ज्यावर ते चालतं तो संपादक मुक्तस्रोत होता म्हणून. आतला कोड उघडा होता, हात घालता आला. बंद प्रोग्रामच्या दारात उभं राहून "आतलं जरा सांगा" अशी विनंती करावी लागली नाही.

त्याच सुमारास लिनक्सवर ब्रेल पट्टी चालवणारा 'बीआरएलटीटीवाय' आला. कॅनडातल्या कर्क राइझर यांनी 'स्पीकअप' लिहिलं, तर ते थेट लिनक्सच्या गाभ्यात बसून मशीन सुरू होतानाच बोलायला लागलं. राइझर स्वतः अंध. ब्रेल लिपीही लुई ब्रेल या अंध मुलाने बनवली होती, हे आपण शाळेत शिकलोय. इथेही तेच. ज्याला अडलं, त्यानेच दार पाडलं.

पण खरं सांगायचं तर मुक्तस्रोतवाल्यांची गोष्ट सगळीच गोड नाही. तिचं एक प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं.

२००५ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने ठरवलं की सरकारी कागदपत्रं आता एका कंपनीच्या फाइल-प्रकारात ठेवायची नाहीत, खुल्या प्रकारात ठेवायची. कंपनी उद्या राहिली न राहिली, जनतेचे कागद जनतेला उघडता आले पाहिजेत. तत्त्व म्हणून शंभर टक्के बरोबर. जगभरच्या मुक्तस्रोतवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि विरोधाला कोण उभं राहिलं? फक्त मायक्रोसॉफ्ट नाही. राज्यातले अंध आणि अपंग कर्मचारी आणि त्यांच्या संघटना. त्यांचं म्हणणं साधं होतं. तुमचा तो खुला प्रोग्राम आमच्या स्क्रीन रीडरशी बोलत नाही. तुम्ही सगळ्यांसाठी कागद खुले करताय, आणि आमची नोकरी त्यात बंद होतेय.

काहींनी म्हटलं की हे लोक कंपनीच्या बाजूने वापरले जातायत. राजकारण झालंही असेल. पण तक्रार खरी होती की नाही? खरी होती. शेवटी राज्याला थांबून विचार करावा लागला, जुन्या प्रोग्राममधूनच खुल्या प्रकारात जतन करण्याची सोय शोधावी लागली. आणि त्या रेट्यामुळेच २००७ च्या सुधारित खुल्या मानकात अंध वापरकर्त्यांसाठीच्या त्रुटी दुरुस्त झाल्या.

'खुलं' आणि 'सगळ्यांना वापरता येणारं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी या प्रकरणातून शिकलो. दाराला कुलूप नाही म्हणून पायऱ्या चढता येतात असं नाही.

त्याच काळात काम मात्र जोरात चालू होतं. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतले अंध प्रोग्रामर मार्क मुल्काही यांनी लिनक्सच्या खिडक्यांसाठी नवा स्क्रीन रीडर सुरू केला. जॉज म्हणजे शार्क, म्हणून याचं नाव ठेवलं 'ओर्का', शार्कला भारी पडणारा देवमासा! २००६ मध्ये तो ग्नोम या डेस्कटॉपचा अधिकृत भाग झाला. म्हणजे वेगळा विकत घ्यायचा नाही, वेगळा बसवायचा नाही. ग्नोमवाल्या संगणकावर ऑल्ट, विंडोज आणि एस ही बटणं एकदम दाबली की तो बोलायला लागतो.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने विंडोजसाठी फुकट आणि मुक्तस्रोत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स टे हे त्यांचे अंध मित्र सोबत आले. तोच 'एनव्हीडीए'. आज आपल्याकडे हजार डॉलरचा प्रश्न ज्याने संपवला तो हा.

या दोन्हींना आवाज मिळाला तो 'ईस्पीक'चा. इंग्लंडच्या जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये एकॉर्न संगणकासाठी तो लिहिला होता. अगदी छोटा प्रोग्राम, जुन्या मशीनवरही पळतो. माणसाचा आवाज रेकॉर्ड केलेला नसतो, नियमांवरून आवाज तयार होतो. म्हणून तो रोबोसारखा लागतो, पण म्हणूनच त्यात नवी भाषा घालणं शक्य होतं. नियम लिहा, भाषा बोलायला लागते. मराठी त्यात आहे. आमच्या वाचनालयातलं मशीन मराठी बोलतं ते त्याच्याच जोरावर.

अर्थात मराठीचे नियम लिहिणं म्हणजे चेष्टा नाही. आपण 'कमळ' लिहितो, शेवटचा अ उच्चारत नाही. तो कुठे उच्चारायचा, कुठे गाळायचा हे मशीनला सांगावं लागतं. 'जग' म्हणजे दुनिया आणि पाण्याचा 'जग', दोन्हींतला ज वेगळा, पण लिहिताना अक्षर एकच. मशीन चुकतं. तो मुलगा हसतो आणि पुढे जातो. म्हणाला, "काका, तुम्ही खराब हस्ताक्षर वाचताच ना? तसंच हे."

आता एक धोक्याची गोष्ट. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि ओर्कावर पगारी काम करणाऱ्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. एका कंपनीच्या ताळेबंदात एक ओळ खोडली गेली, आणि जगभरच्या अंध लिनक्स वापरणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. ओर्का वाचला तो जोनमरी डिग्ज यांच्यासारख्यांनी तो उचलून धरला म्हणून. डडिंग्टन यांच्याकडून ईस्पीकचं काम थांबलं तेव्हाही असंच झालं. २०१५ च्या अखेरीस रीस डन यांनी इतरांना सोबत घेऊन 'ईस्पीक एनजी' म्हणून ते पुढे चालू केलं. कोड उघडा होता म्हणून हे शक्य झालं, नाहीतर प्रोग्राम मालकासोबत गेला असता. पण उघडा कोड आपोआप जगत नाही. कुणीतरी रात्री जागून तो सांभाळतं. आपण त्याला 'फुकट' म्हणतो तेव्हा हे लक्षात असू द्या.

इथपर्यंत जगाची गोष्ट. आता आपली.

मशीन लावून आठवडा झाला असेल. त्या मुलाने एका कार्यालयाच्या भरतीची जाहिरात उघडली. ओर्का गप्प. पुन्हा उघडली, पुन्हा गप्प. मी येऊन बघितलं तर पीडीएफ म्हणजे छापील कागद तिरका ठेवून काढलेले फोटो होते. डोळ्याला अक्षरं दिसतात, मशीनला फक्त चित्र. मी वाचून दाखवली, त्याने अर्ज भरला. पण नंतर एक शुद्धिपत्रक आलं, तेही फोटोतच. त्यात एक प्रमाणपत्र जोडायला सांगितलं होतं. त्या दिवशी मी बाहेरगावी होतो. मी परत येऊन टेसरॅक्टने त्या फोटोतली अक्षरं काढली तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं ओळखणारा मुक्तस्रोत प्रोग्राम, मराठीही वाचतो. पण वेळ गेल्यावर काय उपयोग?

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, मशीन बोलतंय हो. कागदच मुका आहे."

मला राग आला त्या कार्यालयाचा. चार ओळी लिहूनही काढल्या होत्या इथे टाकायला. टाकल्या नाहीत, कारण त्याच संध्याकाळी दुसरी गोष्ट झाली.

त्याने वाचनालयाची पुस्तकांची यादी उघडली. सहा हजारांवर नोंदी. ओर्काने काहीतरी अगम्य बडबड केली. त्याने एका शब्दावर थांबून एकेक अक्षर वाचायला लावलं. "ई, जी, के, जे, के, टी." मी पडद्यावर बघितलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, 'महाराज'.

यादी कृतिदेवमध्ये टाइप केलेली होती. या जुन्या फॉन्टची युक्ती अशी की आत इंग्रजी अक्षरंच साठवायची आणि त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. ई च्या जागी म चं चित्र, जी च्या जागी ह चं. डोळा फसतो, मशीन फसत नाही. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'म' म्हणजे 'म'च. तरी आपण वर्षानुवर्षं मुखवट्यावरच टाइप करत राहिलो.

ती यादी कुणी टाइप केली होती? मी. २००९ साली, चार महिने रोज संध्याकाळी बसून. तेव्हा माझा सत्कारही झाला होता, नारळ आणि शाल. पंधरा वर्षांहून जास्त काळ ती यादी एका तरी अंध वाचकाला वाचता येईल का, हा प्रश्न माझ्या डोक्याला शिवला नाही. मी कुणाला शिव्या देणार?

कायद्याचं म्हणाल तर तो आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारवर सुगम्य माहितीची जबाबदारी टाकली. २०१७ च्या नियमांत लिहिलं की संकेतस्थळावरचे कागद ईपब किंवा अक्षरं ओळखता येणाऱ्या पीडीएफमध्ये असावेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे मानदंड सांगणारा तोच नियम रद्द केला, कारण तो नुसत्या शिफारशीसारखा होता. सक्तीचे निकष ठरवा, असं केंद्राला सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असंही न्यायालय म्हणालं. पण न्यायालय येऊन तुमच्या ग्रामपंचायतीची नोटीस टाइप करणार नाही. ती आपल्यातलाच कुणीतरी करतो.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. शाळेत, पतसंस्थेत, सोसायटीत, पक्षाच्या कार्यालयात जे कुणी मराठी टाइप करतात त्यांनी आजपासून युनिकोडमध्ये करा. टाइप केलेला कागद छापून, सही करून, पुन्हा स्कॅन करून टाकू नका. सहीची प्रत हवी तर ठेवा, पण मूळ फाइलची थेट पीडीएफही सोबत टाका. एक क्लिक जास्त, बस. व्हॉट्सॅपवर सूचनेचं पोस्टर पाठवलंत तर खाली तोच मजकूर लिहूनही पाठवा. आणि तुमच्या वाचनालयात जुनं मशीन पडून असेल तर भंगारात देण्याआधी मला कळवा, मी येतो. मॉनिटर नसला तरी चालेल.

आमची यादी आम्ही बदलतोय. कन्व्हर्टरने बरंच काम होतं, पण पहिली वेलांटी सरकते, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. तो ऐकून चूक सांगतो, मी दुरुस्त करतो. अडीच हजार नोंदी झाल्यात. काल त्याने यादीत शोधून पहिल्यांदा स्वतः एक पुस्तक मागितलं. ते फक्त छापील आहे, म्हणजे आता पानं स्कॅन करून टेसरॅक्टला द्यायची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अंध वाचकासाठी अशी प्रत करायची मुभा देतो.

साडेतीनशे पानं आहेत. रविवारी दुपारी ज्यांना दोन तास मोकळे असतील त्यांनी या. चहा माझ्याकडे.